बळी की बळीराजा?

गेल्या वर्षी उत्तम शुक्रवारी मी माझ्या आत्याला घेऊन गुरुवार पेठेतील पंचहौदच्या चर्चमध्ये गेलो होतो. आत्या ख्रिस्ती आहे. तिच्या सासरच्यांनी तीन पिढ्यांपूर्वी नगर जिल्ह्यात, मिशनच्या काळात, बाप्तिस्मा घेतला. आमच्या घराने १९५६ नंतर तथागतांचा धम्म स्वीकारला. दोन्ही घरे मुळात एकाच वस्तीतली, गावकुसाबाहेरची. एकाच विटाळातून सुटण्यासाठी दोन घरे दोन वाटांनी गेली. आत्या आता लेकीकडे पुण्यात असते. गुडघे धरतात म्हणून सोबतीला मला बोलावते. मी बुधवार पेठेतल्या एका शाळेत शिक्षक आहे. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती, त्यामुळे नाही म्हणायला निमित्तही नव्हते.

बारा ते तीन उपासना चालली. क्रूसावर असताना येशूने काढलेले सात उद्गार त्या दिवशी एकेक करून वाचतात, प्रत्येकावर प्रवचन होते, गीते होतात. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होतो. बाहेर पडल्यावर मी आत्याला विचारले, आणि खरे सांगायचे तर वाद घालण्यासाठीच विचारले, "आत्या, एकाचं पाप दुसऱ्यानं कसं फेडायचं? वर्गात खोडी एकानं काढली आणि शिक्षा मी दुसऱ्याला केली, तर तू मला मास्तर म्हणशील का?"

आत्या चालता चालता थांबली. म्हणाली, "बाळा, तुझं गणित तुझ्यापाशी ठेव. माझं पोरगं गेलं तेव्हा दहा जण आले आणि दहाही जणांनी सांगितलं, देवाची मर्जी. मला त्या मर्जीचाच राग आला. मग एक दिवस त्या क्रूसाकडे बघितलं. म्हटलं, याचंपण पोरगं असंच गेलंय. याला कळतंय. तुझ्या बुद्धाला कळतं का रे, पोरगं गेलेलं?"

मला त्या वेळी उत्तर सुचले नाही. हा लेख म्हणजे ते राहून गेलेले उत्तर आहे. आत्याला हरवावे म्हणून मी तो लिहीत नाही. आपण धर्मांतर केलेली माणसे दुसऱ्याच्या धर्माविषयी बोलताना फार घाई करतो. ज्या श्रद्धेवर एखादा माणूस आपले दुःख पेलतो, ती श्रद्धा आधी नीट समजून घ्यावी आणि मग ती पटत नसेल तर नाकारावी. प्रज्ञेची रीत हीच आहे.

क्रूस म्हणजे मुळात काय होते?

आज क्रूस सोन्याचा होऊन गळ्यात रुळतो, त्यामुळे त्याचे मूळचे भयंकर रूप आपल्या डोळ्यांपुढे येत नाही. रोमन साम्राज्यात ही शिक्षा प्रामुख्याने गुलामांसाठी आणि बंडखोरांसाठी होती. रोमन नागरिकाला ती सहसा देत नसत. स्पार्टाकसच्या नेतृत्वाखाली झालेले गुलामांचे बंड मोडून काढल्यावर, इ. स. पूर्व ७१ मध्ये, कापुआपासून रोमपर्यंतच्या हमरस्त्यावर सुमारे ६००० गुलाम क्रूसावर लटकवण्यात आले. नुसते ठार मारणे हा त्यामागचा हेतू नव्हता. उघडे करून, रहदारीच्या जागी, सर्वांच्या डोळ्यांदेखत हळूहळू मारायचे, म्हणजे पाहणारा दुसरा गुलाम पुन्हा मान वर करणार नाही, हा हेतू होता. यहूदियाचा रोमन सुभेदार पिलात याच्या अमलात, इ. स. ३० च्या सुमारास, गालील प्रांतातील नासरेथ गावच्या येशूला हीच शिक्षा झाली.

पुण्याच्या वाचकाला हे समजायला लांब जायला नको. पेशवाईत याच शहरात अस्पृश्याच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधण्याची सक्ती होती. समजा, त्या माणसांच्या वंशजांनी पुढे तेच मडके आणि तोच झाडू आपले पवित्र चिन्ह म्हणून उंचावर मांडले असते, तर पेठांतल्या शास्त्रीपंडितांना काय वाटले असते? या लोकांना वेड लागले असेच वाटले असते. पहिल्या ख्रिस्ती माणसांविषयी त्यांच्या ग्रीक आणि यहुदी शेजाऱ्यांचे हेच मत होते, आणि पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात ते कबूलही केले आहे. सत्तेने ज्याला माणसांतून उठवले, त्याच्यातच आम्हांला देव भेटला, असे ते म्हणत होते. क्रूसाचा हा पहिला अर्थ आहे, आणि तो तळातल्या माणसाला धीर देणारा आहे. तो नाकारण्याची घाई करू नये.

हिशेबाचा अर्थ

पुढे मात्र या मरणाचा हिशेब मांडला गेला. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात येशूचे मरण हे शेवटचे बलिदान मानले आहे. त्यानंतर पशूच्या रक्ताची गरज उरली नाही, असे तेथे सांगितले आहे. ज्या देशात देवळापुढे रोज रक्त सांडत होते, तेथे ही गोष्ट लहान नव्हती. इंग्लंडमधील कँटरबरीचा आर्चबिशप आन्सेल्म याने १०९८ च्या सुमारास आपला प्रसिद्ध सिद्धान्त मांडला. पापामुळे देवाच्या मानाचा भंग झाला, त्याची भरपाई माणसाने करायला हवी, पण तेवढी ऐपत फक्त देवाची, म्हणून देव माणूस झाला आणि त्याने ती भरपाई केली, असा त्याचा युक्तिवाद. त्याच्यानंतरच्या पिढीतील आबेलार या फ्रेंच पंडिताला हे पटले नाही. क्रूसावर देवाचे प्रेम दिसते आणि ते पाहून माणसाचे मन पालटते, यातच उद्धार आहे, असे तो म्हणाला. सोळाव्या शतकातील सुधारकांनी आणखी पुढचे टोक गाठले. जी शिक्षा आपल्याला व्हायची, ती येशूने आपल्या जागी भोगली, असे त्यांनी सांगितले. आपल्याकडे प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनी खेड्यापाड्यांत जी शिकवण नेली, तिच्यात हा शेवटचा अर्थ ठळक होता.

आता परमपूज्य बाबासाहेबांचा आक्षेप पाहू. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीवर त्यांनी सविस्तर लिहून ठेवले होते. ते लिखाण त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. महाराष्ट्र शासनाने १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या पाचव्या खंडात ते आले आहे. त्यातला एक मुद्दा आपण पुन्हापुन्हा वाचावा असा आहे. अस्पृश्य हिंदू होता तेव्हा त्याला सांगण्यात आले की तुझी ही अवस्था तुझ्या पूर्वजन्मीच्या कर्माने झाली. तो ख्रिस्ती झाला तेव्हा त्याला सांगण्यात आले की माणसाची ही अधोगती आदिपुरुषाच्या पापाने झाली. पहिल्या वेळी दोष त्याचा, दुसऱ्या वेळी त्याच्या पूर्वजाचा. ज्यांनी त्याला खाली दाबून ठेवले त्यांचे नाव दोन्ही वेळा निघाले नाही. मग त्याने झगडायचे तरी कोणाशी?

दुसरा आक्षेप १९५० साली 'महाबोधी' मासिकातील त्यांच्या लेखात आहे. येशूने स्वतःला देवाचा पुत्र म्हटले. बुद्धाने स्वतःसाठी असे कोणतेही स्थान मागितले नाही. तो मार्गदाता आहे, मोक्षदाता नव्हे. वाट त्याने दाखवायची, चालायचे ज्याचे त्याने. माणूस स्वतःच मलीन होतो आणि स्वतःच शुद्ध होतो, दुसरा कोणी त्याला शुद्ध करू शकत नाही, ही शिकवण धम्मपदाच्या प्रत्येक अभ्यासकाला ठाऊक आहे. ज्या चेतनेने कर्म घडले ती चेतना ज्याची, त्या कर्माची जबाबदारीही त्याचीच. दुसऱ्याला खिळे ठोकून माझ्या मनातला लोभ, द्वेष आणि मोह कमी होत नाही.

शिवाय पापाची वही एकदा उघडली की त्या वहीत कोणत्या नोंदी करायच्या हे कोण ठरवतो? याच पंचहौदचे उदाहरण घ्या. १८९० साली तेथील मिशनमध्ये चहा घेतल्यावरून लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे वगैरे मंडळींवर ग्रामण्य झाले आणि प्रायश्चित्ताचा वाद पुढे दोन वर्षे पुण्यात गाजत राहिला. चहाचे पाप होते आणि ते धुण्याचा विधीही होता. त्याच पुण्यात तहानलेल्या अस्पृश्याला हौदावर हात लावू दिला जात नव्हता. हे पाप मात्र कोणाच्याच वहीत लिहिलेले नव्हते.

एवढे लिहून येथेच थांबता आले असते. आपला विजय झाला असता आणि आत्याचा प्रश्न तसाच राहिला असता.

बुधवार पेठेतला दुसरा अर्थ

माझ्या शाळेपासून पायी काही मिनिटांवर भिडेवाड्याची जागा आहे. १८४८ साली महात्मा जोतीराव फुले यांनी तेथे मुलींची शाळा काढली. मोडकळीस आलेला तो वाडा २०२३ च्या डिसेंबरात पाडण्यात आला आणि आता तेथे राष्ट्रीय स्मारक व्हायचे आहे. जोतीराव पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते. बाबा पदमनजींसारखे ख्रिस्ती झालेले मित्र त्यांना होते. बायबल त्यांनी वाचले होते. तरीही ते ख्रिस्ती झाले नाहीत. पण क्रूसाकडे त्यांनी पाठही फिरवली नाही.

१८७३ सालच्या 'गुलामगिरी' ग्रंथाच्या दहाव्या भागात जोतीराव येशूचा उल्लेख दुसरा बळीराजा म्हणून करतात. पहिला बळीराजा आपल्याला माहीत आहे. पुराणात वामनाने त्याच्या डोक्यावर पाय ठेवून त्याला पाताळात घातले. जोतीरावांनी ती कथा उलटी वाचली. शेतकऱ्यांचा न्यायी राजा कपटाने मारला गेला आणि मारणाऱ्यांच्या वारसांनी त्या कपटाला अवतारकार्य म्हटले, असा त्यांचा अर्थ. आजही पाडव्याला बायका ओवाळताना बळीचेच राज्य मागतात, वामनाचे नव्हे.

मराठीत 'बळी' हा शब्द एकच, पण त्याच्या पोटात दोन अर्थ आहेत. देवापुढे कापला जातो तो बळी, आणि रयतेचा राजा तोही बळी. क्रूसाच्या अर्थाविषयीचा सगळा वाद या एका शब्दात मावतो. येशू हा देवाचा राग शांत करण्यासाठी दिलेला बळी होता, की गोरगरिबांची बाजू घेतल्यामुळे मारला गेलेला बळीराजा? पहिल्या अर्थाने त्याचे मरण आवश्यक ठरते आणि मारणारे देवाच्या योजनेतले नोकर ठरतात. दुसऱ्या अर्थाने त्याचे मरण हा शुद्ध अन्याय ठरतो, आणि मारणारे मारणारेच राहतात.

धम्माच्या माणसाने कोणता अर्थ घ्यावा? याचे उत्तर मला जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्याच एका विद्यार्थिनीकडून मिळाले. मांग समाजातील मुक्ता साळवे या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ साली 'ज्ञानोदय' या अमेरिकन मिशनच्या नियतकालिकात छापून आला. त्यात तिने लिहिले आहे की मोठमोठ्या इमारतींच्या पायात मांग-महारांना तेल-शेंदूर पाजून पुरत असत. इमारत टिकावी म्हणून हा बळी. वाड्यात राहणाऱ्याला तो बळी फलदायी वाटत असेल. पायात पुरला गेला त्याला काय वाटले, हे प्रथमच त्याच्या जातभाईंतल्या कोणी शाईने लिहिले. बळी देण्याच्या कल्पनेकडे पाहण्याच्या दोन जागा आहेत, एक वाड्याच्या माडीवरची आणि दुसरी पायातली. आपण आणि आपले पूर्वज कोणत्या जागेवर होतो, हे विसरून आपल्याला या विषयावर विचार करता येणार नाही.

तथागतांची भूमिकाही हीच होती. दीघनिकायात कूटदंत ब्राह्मणाची कथा आहे. त्याने यज्ञासाठी शेकडो बैल, वासरे, बकरे, मेंढे खांबाला बांधून ठेवले होते. बुद्धाने त्याला ज्या यज्ञात कोणाचेही रक्त सांडत नाही, कोणा मजुराला धाकाने राबवले जात नाही, असा यज्ञ सांगितला. शेवटी कूटदंताने ती सगळी जनावरे सोडून दिली. बुद्धाने त्या पशूंच्या मरणाला नवा, खोल अर्थ शोधून दिला नाही. त्याने त्यांचे दोर सोडवले.

आणि हे फक्त आपणच म्हणतो असे नाही. ख्रिस्ती विचारवंतांमध्येही हा अर्थ पुन्हा वर आला आहे. अरविंद निर्मल यांनी १९८१ साली बंगळूरमध्ये शूद्रांच्या ईश्वरविद्येची मांडणी केली आणि तिच्यातून पुढे दलित ईश्वरविद्या उभी राहिली. क्रूसावर येशूला आपण देवानेही टाकलेले आहोत असे वाटले. त्या एकाकीपणात निर्मल यांना दलितांचा अनुभव दिसला. अमेरिकेत जेम्स कोन या कृष्णवर्णीय पंडिताने २०११ साली एक ग्रंथ लिहून, जमावाने झाडाला लटकवलेला काळा माणूस आणि क्रूसावरचा येशू यांना शेजारी उभे केले. जोतीरावांनी ही दिशा पुण्यात बसून १८७३ साली दाखवली होती, हे आपण अभिमानाने सांगायला हरकत नाही.

या अर्थातला धोका

पण या दुसऱ्या अर्थातही एक धोका आहे, तो लपवू नये. 'त्याला मारले कोणी?' असे विचारताच माणसाची मूठ आवळते. युरोपात शतकानुशतके येशूच्या वधाचा दोष सरसकट सगळ्या यहुदी लोकांवर ठेवला गेला आणि त्या नावाखाली त्यांच्या वस्त्या जाळल्या गेल्या. रोमन कॅथलिक चर्चने १९६५ साली, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, हा आरोप अधिकृतपणे दूर केला. क्रूसावरचा माणूस मारेकऱ्यांसाठी क्षमा मागत होता, असे शुभवर्तमान सांगते. त्याच्याच नावाने सूड उगवला गेला.

धम्मात या जागी पुण्ण स्थविराची गोष्ट आहे. तो सुनापरान्त देशी धम्म सांगायला निघाला. तेथली माणसे फार उग्र, ती तुला शिव्या देतील, मारतील, जीवही घेतील, मग काय करशील, असे बुद्धाने त्याला विचारले. प्रत्येक वेळी पुण्णाने मनात द्वेष येऊ न देण्याचेच उत्तर दिले. हा सुनापरान्त म्हणजे आपला उत्तर कोकण, सोपाऱ्याचा भाग, असे अभ्यासक मानतात. त्या सोपाऱ्याचा स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली उजेडात आणला. आज त्याच वसई-सोपारा पट्ट्यात ख्रिस्ती गावे आहेत आणि वाटेवाटेवर क्रूस आहेत. मारणाऱ्याविषयीही मन निर्वैर ठेवावे, ही गोष्ट त्या एका मातीत दोनदा सांगितली गेली.

परंतु निर्वैर राहणे म्हणजे गप्प बसणे नव्हे. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी घेतल्यावर आपल्या माणसांवर हल्ला झाला. बाबासाहेबांनी लोकांना उलटा हात उचलू दिला नाही. त्याच बाबासाहेबांनी तळ्याचा दावा दहा वर्षे न्यायालयात लढवला आणि १९३७ साली उच्च न्यायालयाचा निकाल मिळवला. आपल्या माणसांनी खाल्लेला मार हे पाण्याचे मोल आहे, असे त्यांनी कधी सांगितले नाही. पाणी हा हक्क आहे आणि मार हा गुन्हा आहे, असे सांगितले.

आपल्या घरातला बळी

धम्मबांधवहो, आता आपल्याकडे वळू. दुसऱ्याच्या घरातील जळमटे काढताना आपल्या आढ्याकडेही पाहावे.

आपल्या सभांतून एक वाक्य वारंवार कानावर पडते. "बाबासाहेबांनी आपली चार मुले समाजासाठी वाहिली." ऐकताना डोळ्यांत पाणी येते, माझ्याही येते. पण थांबून विचार करा. बाबासाहेबांची चार मुले लहानपणीच गेली हे खरे. शेवटचा राजरत्न १९२६ साली गेला. ती मुले गेली आजारपणात, आणि घरात असलेल्या ओढगस्तीत. ती कोणी कोणाला वाहिली नव्हती. बाबासाहेब आणि माता रमाई यांचे काळीज त्या मरणांनी फाटले होते. त्या मुलांच्या मरणाने समाजाचे काही देणे फिटले असे म्हणणे म्हणजे बाबासाहेबांनी जो हिशेबाचा अर्थ नाकारला तोच मागच्या दाराने घरात घेणे आहे. मुले जगली असती तर चळवळीचे काय नुकसान झाले असते? काहीही नाही. ते मरण आवश्यक नव्हते. ते दुःख होते, आणि त्या दुःखाची कारणे या समाजरचनेत होती.

हे मी शब्दांचा कीस काढण्यासाठी लिहीत नाही. 'त्यांनी आपल्यासाठी सोसले' या वाक्यापुढे आपण फार लवकर पूर्णविराम देतो. एकदा कोणी आपल्यासाठी सगळे सोसून ठेवले की आपल्यासाठी काय उरते? जयंती, मिरवणूक आणि हार. मार्गदात्याचा मोक्षदाता झाला की मार्ग ओस पडतो. बावीस प्रतिज्ञा आपण घेतल्या, पण लग्न जमवताना पोटजात विचारणारे घर आपल्यात नाही काय? शिकून नोकरीला लागलेल्या किती जणांनी मागच्या वस्तीकडे वळून पाहिले? १९५६ च्या मार्चमध्ये आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्या माणसांनी दगा दिल्याचे दुःख बोलून दाखवले, ते याच माणसांविषयी. मीही शिकलेला आहे. आमच्या घरात पदवी घेणारा पहिला मीच. तेव्हा ते बोलणे दुसऱ्या कोणासाठी आहे असे मला म्हणता येत नाही.

आणि आत्याच्या घराविषयीही एक गोष्ट. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली त्या शिखांना मिळाल्या, १९९० साली बौद्धांना मिळाल्या. ख्रिस्ती झालेल्या दलितांना त्या अजूनही नाहीत. एकाच वस्तीतली दोन घरे, एकाच विटाळाचे चटके, पण कागद वेगळे. आपण ३४ वर्षे त्या अन्यायाविरुद्ध बोललो आणि आपले काम झाल्यावर बहुतेक जण गप्प झालो. त्यांच्या वाट्याचे त्यांनी सोसावे, असेच आपल्या गप्प बसण्याचा अर्थ कोणी काढला तर त्याला काय उत्तर देणार?

आत्याला दिलेले उत्तर

पुढच्या महिन्यात बुद्धपौर्णिमेच्या आधी मी आत्याकडे गेलो. मी म्हटले, "तू विचारलं होतंस, बुद्धाला पोरगं गेलेलं कळतं का." आणि तिला किसा गोतमीची गोष्ट सांगितली. मेलेले मूल कडेवर घेऊन औषध मागत फिरणारी ती बाई. बुद्धाने तिला ज्या घरात कोणी मेलेले नाही अशा घरून मोहरी आणायला सांगितले. मोहरी प्रत्येक घरात होती. मरण नाही असे घर मात्र सापडले नाही. संध्याकाळपर्यंत फिरून तिला कळले की हे दुःख आपल्या एकटीचे नाही. तिला देवाची मर्जी कोणी सांगितली नाही, पापाचे फळही सांगितले नाही. तिला माणसांच्या दारी पाठवले.

बाबासाहेबांच्या चार मुलांचेही सांगितले. म्हटले, "त्यांना कळत होतं, आत्या."

आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "दिवसभर फिरली का रे ती? पोर कडेवर घेऊन? आणि कुणी तिला बस म्हटलं नाही?"

गोष्टीत ते लिहिलेले नाही. पण मला वाटते, कोणीतरी नक्की म्हटले असेल. ज्या ज्या घरी ती गेली त्या घरचे कोणी ना कोणी गेलेले होतेच. आत्याला सोबत क्रूसाजवळ मिळाली, किसा गोतमीला ती शेजाऱ्यांच्या उंबऱ्यावर मिळाली. दुसऱ्याचे पाप आपण वाहू शकत नाही, हे धम्माचे म्हणणे मी सोडलेले नाही. पण दुसऱ्याचे दुःख ऐकायला दार उघडे ठेवता येते. त्याला आपण करुणा म्हणतो, आणि तिच्यासाठी कोणाला खिळे ठोकावे लागत नाहीत.

जोतीरावांनी आपल्या शेवटच्या, 'सार्वजनिक सत्यधर्म' या पुस्तकात एक कुटुंब रंगवले आहे. त्यातली बाई बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी. प्रत्येकाने आपापले ग्रंथ वाचून आपला धर्म निवडलेला, आणि कोणी कोणाचा द्वेष करत नाही. आमचे घर त्याच्या बरेच जवळ आले आहे. आत्या आणि मी क्रूसाच्या अर्थावर एकमत झालेलो नाही आणि होणारही नाही. पण एका गोष्टीवर दोघांचे जुळले. निरपराध माणूस सोसतो तेव्हा त्याचे सोसणे ही कशाची किंमत नसते. तो अन्याय असतो, आणि तो थांबवणे हे जिवंत माणसांचे काम असते. येशूला बळी म्हणून पुजायचे की बळीराजा म्हणून त्याची बाजू घ्यायची, याचे उत्तर ख्रिस्ती बांधव आपल्या परीने देतील. बाबासाहेबांच्या बाबतीत तोच प्रश्न आपल्यापुढे आहे, आणि त्याचे उत्तर आपल्यालाच, आपल्या वागण्यातून द्यायचे आहे.

जय भीम!